ओव्हलमध्ये मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोण असतं?

प्रश्न: व्हँकुव्हरजवळच्या रिचमंड ओव्हलमध्ये २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकचं स्पीड स्केटिंग झालं आणि आता तिथे बारा महिने बॅडमिंटनपासून जिमपर्यंत सगळं चालतं, असं वाचलं. हे खरंच चालतं की नुसती जाहिरात? बर्फाच्या जागेचं असं रूपांतर होतं तरी कसं? अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा आहेत, आपल्याकडे हे का जमत नाही? आणि जुलैत आम्ही आईबाबांना घेऊन तिकडे येतोय, तर बघण्यासारखं काही आहे का?

उत्तर:

चालतं, जाहिरात नाही. मी आठवड्यातून एकदोनदा तिथे जातो आणि संध्याकाळी पार्किंगसाठी दोन चकरा माराव्या लागतात. ज्या क्रीडासंकुलात गाडी लावायला जागा मिळत नाही, ते चालतंय असं समजायला हरकत नाही. पण ते का चालतं, याचं उत्तर जो तो ‘दूरदृष्टी’ आणि ‘नियोजन’ म्हणून देतो, ते मला अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं थोडं अडचणीचं आहे, म्हणून कुणी मोठ्याने म्हणत नाही: ज्या खेळासाठी ती इमारत बांधली, तो खेळच रिचमंडने स्पर्धेनंतर तिथून काढून टाकला.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी रत्नागिरीचा. मिरकरवाड्याला मासळीसाठी लादी पाडणाऱ्या बर्फाच्या कारखान्यात सुरुवात केली, मग काही वर्षं वाशीला कोल्ड स्टोरेजमध्ये, आणि गेली एकवीस वर्षं ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकुव्हरच्याच प्रांतात, आइस रिंकचे, म्हणजे स्केटिंगच्या बंदिस्त बर्फाच्या मैदानांचे, बर्फ गोठवणारे प्लांट चालवतोय. ओव्हलच्या पगारावर मी कधी नव्हतो. तिथे मी पास काढून जाणारा माणूस आहे, त्यामुळे आतल्या गोटातलं काही सांगणार नाही. प्लांटवाल्याच्या नजरेला जे दिसतं तेवढं सांगतो.

रिचमंड हे व्हँकुव्हरच्या विमानतळाला खेटून असलेलं शहर. फ्रेझर नदीच्या गाळावर वसलेलं, समुद्रसपाटीच्या जेमतेम मीटरभर वर, भोवती पाणी अडवायला बांध. आपल्याकडची खाजण जमीन डोळ्यांसमोर आणा, फक्त भाताऐवजी मॉल आणि घरं. खरं तर हा ओव्हल इथे होणारच नव्हता. तो शेजारच्या बर्नबी शहरात, डोंगरावरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात व्हायचा होता. २००४ मध्ये तो रिचमंडकडे आला. महानगरपालिकेने नदीकाठची आपली जमीन काढली, त्यातला मोठा तुकडा विकला, कॅसिनोतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिस्सा घातला, ऑलिम्पिक समितीने आपला वाटा दिला, आणि सुमारे १७.८ कोटी कॅनेडियन डॉलरमध्ये ही इमारत उभी राहिली. छत बघण्यासारखं आहे. ब्रिटिश कोलंबियातली पाइनची जंगलं त्या वर्षांत एका भुंग्याने पोखरून टाकली होती. त्या मेलेल्या झाडांचं साधं, घरबांधणीत वापरतात तसल्या मापाचं लाकूड जोडून जोडून त्यांनी मोठ्या कमानींवर जवळजवळ शंभर मीटर रुंदीचं छत केलं, मध्ये एकही खांब नाही. सुताराच्या घरातला माणूस खाली उभा राहिला तर मान दुखेपर्यंत वर बघत राहतो. माझ्या सासऱ्यांचं तेच झालं.

डिसेंबर २००८ मध्ये ओव्हल लोकांसाठी उघडला, म्हणजे ऑलिम्पिकच्या चौदा महिने आधी. ही छोटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. गावातल्या पोरांनी त्या बर्फावर स्केटिंग केलं, धडपडली, आणि मग फेब्रुवारी २०१० मध्ये सगळं जग आलं.

त्या पंधरवड्यात काय झालं ते स्पीड स्केटिंगवाल्यांना पाठ आहे. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर दहा हजार मीटरमध्ये सगळ्यात पुढे होता, प्रशिक्षकाने ऐन वेळी चुकीच्या लेनकडे हात केला आणि सुवर्णपदक गेलं. आम्हा बर्फवाल्यांना मात्र आठवतो तो १५ फेब्रुवारी, पुरुषांच्या ५०० मीटर शर्यतीचा दिवस. बर्फ घासून त्यावर नवं पाणी पसरवणारी विजेवरची यंत्रं मध्येच बिघडली. बर्फ गुळगुळीत व्हायच्या ऐवजी खराब झाला, तासाभराहून जास्त खोळंबा, टीव्हीवर सगळं जग बघतंय. शेवटी कॅलगरीच्या ओव्हलमधून ट्रकवर घालून एक झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारं दुसरं यंत्र, मागवावा लागला. हजार किलोमीटर, तेही रॉकी पर्वत ओलांडून. त्या रात्री मी आमच्या गावच्या रिंकवर पाळीला होतो. आमचा चाळीस वर्षं हेच काम केलेला फोरमन टीव्ही बंद करून म्हणाला, "मी हे बघू शकत नाही." लग्नात आचाऱ्याचा गॅस संपलेला दुसऱ्या आचाऱ्याला बघवत नाही, तसं.

आता मुद्द्याचं. स्पीड स्केटिंगचा ट्रॅक चारशे मीटरचा असतो. त्यावर वेग दोन गोष्टींनी मिळतो: बर्फ आणि हवा. बर्फ आम्ही करू शकतो, हवा नाही. कॅलगरीचा ओव्हल समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, सॉल्ट लेक सिटीचा चौदाशेवर. तिथे हवा विरळ, अंगाला अडसर कमी, म्हणून जागतिक विक्रमांच्या यादीत हीच दोन नावं पुन्हा पुन्हा दिसतात. रिचमंड समुद्राला लागून, हवा जड. २०१० मध्ये तिथे लांब ट्रॅकवर एकही जागतिक विक्रम झाला नाही. मग सांगा, कॅलगरी एका दिवसाच्या ड्रायव्हिंगवर असताना कुठला स्केटर सरावासाठी कायमचा रिचमंडला राहायला येईल? आणि येऊन येऊन किती जण येतील, पन्नास? साठ?

हा हिशोब रिचमंडने बांधकामाच्या आधीच मांडला होता. म्हणून त्यांनी आराखडा उलटा केला. पुढची पन्नास वर्षं गावाला काय लागेल ते आधी काढलं आणि त्यात ऑलिम्पिकचे काही दिवस बसवले. सुमारे आठ हजार प्रेक्षकांची बैठक होती, ती बहुतेक तात्पुरती, स्पर्धा झाली की उचलली. चारशे मीटरचा बर्फ काढला. त्या एका प्रचंड मजल्याचे तीन भाग झाले: एका बाजूला बर्फाच्या दोन रिंका, मध्ये लाकडी फरशीची कोर्टं, तिसऱ्या बाजूला धावण्याचा ट्रॅक आणि कृत्रिम हिरवळ. वरच्या मजल्यावर जिम. गिर्यारोहणाची भिंत आहे, वल्हवण्याचा सराव करायला आत पाण्याची टाकी आहे, नंतर ऑलिम्पिकचं छोटं संग्रहालयही झालंय.

कॅलगरीने नेमकं उलट केलं आणि तेही बरोबर होतं. १९८८ चा त्यांचा ओव्हल विद्यापीठाच्या आवारात आहे, हवा विरळ आहे, खेळाडू आणि प्रशिक्षक दाराशी राहतात. तिथे चारशे मीटरचा बर्फ आजही आहे, कारण तो वापरणारे लोक आहेत. शेवटी प्रश्न एकच: मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे कोण येणार? शनिवार-रविवार कुणीही जागा भरवेल, उद्घाटनाला तर मंत्रीही येतात. मंगळवारी अकराचा माणूस ज्याला सांगता येतो, त्याची जागा चालते.

रिचमंडमध्ये मंगळवारी अकराला काय दिसतं? निम्म्याहून जास्त गाव चिनी वंशाचं. सत्तरीतले आजी-आजोबा टेबल टेनिसवर असे सर्व्ह करतात की माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाची अब्रू जाते. ट्रॅकवर बाबागाड्या ढकलत चालणाऱ्या आया. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले दोघं-तिघं हळूहळू पायऱ्या चढतायत. रिंकवर एखाद्या शाळेची बॅच, निम्मी पोरं कठडा धरून. व्हीलचेअर रग्बीचा सराव असेल तर लांबूनच ऐकू येतो, खुर्च्या आपटल्याचा आवाज पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा. यातलं ऑलिम्पिकमध्ये दाखवण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच पार्किंग भरलेलं असतं.

रूपांतर कसं होतं म्हणालात, तर थोडं प्लांटच्या खोलीत जावं लागेल. इथे मी जरा लांबण लावणार आहे, माफ करा, हे माझं घर आहे.

मिरकरवाड्यात लादी पाडायची पद्धत अशी: मोठ्या हौदात मिठाचं पाणी, ते अमोनियाने शून्याच्या बरंच खाली नेलेलं, पण मिठामुळे गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवायचे. दीडेक दिवसाने डबा बाहेर काढून साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते. रिंक म्हणजे हाच हौद, आडवा करून काँक्रीटमध्ये पुरलेला. एका रिंकच्या फरशीत पंधरा-सोळा किलोमीटर नळी असते, तिच्यातून उणे नऊ-दहा अंशांचं कॅल्शियम क्लोराइडचं पाणी सतत फिरतं. फरशी गार होते, तिच्यावर आधी नुसतं दव धरतं. बोट ओढलं तर पांढऱ्यात काळी रेघ उमटते. त्या वेळी हॉलमध्ये दोन-तीनच माणसं असतात, रात्रीची वेळ, पंपाची घरघर. मग बारीक फवाऱ्याने पाणी मारायचं, पायाखाली चरचरतं इतका पातळ थर. तो धरला की दुसरा. मग पांढरा रंग, कारण शुद्ध बर्फ पारदर्शक असतो, खालचं राखाडी काँक्रीट दिसलं तर पक, म्हणजे हॉकीची काळी चकती, दिसत नाही आणि दिव्यांची उष्णताही खाली शोषली जाते. मग लाल-निळ्या रेषा, त्यांच्यावर पुन्हा पाणी, पुन्हा, पुन्हा. शेवटी जाडी होते इंचभर. इतकी मेहनत आणि इंचभर! पण तेवढ्या इंचात चाळीस-पंचेचाळीस हजार लिटर पाणी असतं. घाई करून एकदम ओतलं तर हवा अडकून बर्फ दुधाळ आणि ठिसूळ होतो, हॉकीवाले अर्ध्या तासात शिव्या द्यायला येतात.

आबा, म्हणजे माझे वडील, २०१३ मध्ये आले होते. ओव्हलच्या कोर्टाकडे बघत त्यांनी मला विचारलं, "हे सगळं बर्फाचं होतं? मग पाणी कुठं गेलं?" अख्ख्या गावात हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नसेल. रिंकचा बर्फ काढायचा म्हणजे नळ्यांतला गारवा थांबवायचा, बर्फाची फरशीवरची पकड सुटू द्यायची, मग यंत्राने खरवडून ढीग करायचा. उरलेलं पाणी रंगासकट गटारात. एवढी मेहनत, आणि शेवटी गटार. आबा म्हणाले, "गणपतीसारखंच की."

रूपांतरातली खरी डोकेदुखी बर्फ काढण्यात नाही. ती बर्फ आणि कोर्ट एका छताखाली नांदवण्यात आहे. रिंकवर हवा दहा-बारा अंशांची आणि कोरडी हवी. जरा दमट झाली की छताला पाणी धरतं, थेंब बर्फावर पडतात आणि तिथे टेंगळं उठतात. बॅडमिंटनला अठरा-वीस अंश हवेत आणि हवा मुळीच हलायला नको, नाही तर शटल उजव्या कोपऱ्याकडे पळतं आणि हरलेला माणूस एसीला दोष देतो. मी खेळाडू म्हणून तोच दोष देतो आणि प्लांटवाला म्हणून मनात हसतो. हे दोन्ही सांभाळायचं तर हवेची यंत्रणा वेगवेगळी लागते, भिंती आणि पडदे कुठे येणार ते आधी ठरावं लागतं, गटारं, विजेच्या तारा, न्हाणीघरं त्याप्रमाणे काढावी लागतात. मागाहून हे करायला गेलं तर फोडाफोडीतच पैसे संपतात.

दुसरी बाजू फायद्याची आहे. बर्फ करणं म्हणजे उष्णता उचलून दुसरीकडे टाकणं. एक युनिट वीज जाळली की चांगला प्लांट साधारण तीन युनिट उष्णता बर्फातून उचलतो आणि चार युनिट बाहेर फेकतो. मिरकरवाड्यात ती आम्ही कूलिंग टॉवरवरून आभाळात सोडायचो. इथे ती पकडून आंघोळीचं पाणी तापवतात, खोल्या ऊबदार ठेवतात. ओव्हलमध्येही तीच पद्धत. शिवाय छतावरचं पावसाचं पाणी साठवून संडासाला वापरतात, आणि या गावात पावसाला तोटा नाही.

नुसता बर्फ असलेल्या इमारतीत एवढ्या उष्णतेचं करायचं काय हा प्रश्न पडतो. बाजूला जिम असली, हजार माणसं आंघोळ करून जाणारी असली, की ती उष्णता म्हणजे पैसे.

नवी पिढी अमोनियाला घाबरते, आणि घाबरलेलंच बरं. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच प्रांतातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये जुन्या चिलरच्या, म्हणजे मिठाचं पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, नळीला भोक पडून अमोनिया मिठाच्या पाण्यात उतरला आणि तीन कामगार गेले. त्यानंतर आमच्याकडे तपासण्या कडक झाल्या, म्हातारे चिलर बदलले गेले. बेजिंगने २०२२ च्या स्पीड स्केटिंगला अमोनियाऐवजी कार्बन डायऑक्साइडवर बर्फ केला. भारतात कुणी नवी रिंक बांधणार असेल तर यातलं काय घ्यायचं ते पहिल्या बैठकीत ठरवावं. रंगसंगती नंतर.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातली, गाव सांगत नाही. एका छोट्या गावची रिंक, मी नवीन होतो. तिथे बर्फ जवळजवळ बारा महिने ठेवायचे. फरशीच्या खाली थोडी ऊब देणाऱ्या नळ्या असतात, म्हणजे गारवा जमिनीत उतरून माती गोठू नये. त्या नळ्यांचा पंप कधी तरी बंद पडला होता आणि विजेचं बिल कमी आलं म्हणून सगळे खूश होते. मी गेलो तेव्हा पेनल्टी बॉक्सचं, म्हणजे शिक्षा झालेल्या हॉकीपटूंना बसवायच्या कडेच्या जागेचं, दार लागत नव्हतं. सुतार आला, दार तासलं, महिन्याने पुन्हा लागेना. मग एका रात्री खरं कारण लक्षात आलं. खालची माती गोठून फुगली होती आणि अख्खी फरशी मधोमध वर आली होती, हातभर नाही पण चार बोटं नक्की. पूर्ण उन्हाळा रिंक बंद ठेवून माती विरघळू द्यावी लागली, फरशीचा एक भाग नव्याने ओतावा लागला. पंप बदलायला किती आला असता? दोन हजार डॉलर. ओव्हलला ही भीती कमी, कारण तिथे बर्फाखाली माती नाही, मोटारी उभ्या असतात.

पैशाचं बोलतो, कारण इथे लोक हमखास फसतात. ‘ओव्हल स्वतःच्या पायावर उभा आहे’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. ओव्हल चालवायला महानगरपालिकेची स्वतंत्र कंपनी आहे. पासची वर्गणी, शिकवण्यांची फी, रिंक आणि कोर्टांचं भाडं, कार्यक्रम यातून तिला बरंच मिळतं. पण त्यावर शहराचा वार्षिक पैसा आहे, आणि शिवाय एक ट्रस्ट आहे: केंद्र आणि प्रांत सरकारने प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलर घालून स्पर्धेच्या कितीतरी आधी केलेला, अकरा कोटींचा. त्याच्या उत्पन्नातून ओव्हलला आणि व्हिस्लर या डोंगरातल्या गावच्या बॉबस्ले (बर्फावरून सुसाट घसरणाऱ्या गाड्यांची शर्यत) ट्रॅक व स्की जंपसारख्या जागांना दर वर्षी हातभार मिळतो. म्हणजे जगातली सगळ्यात यशस्वी म्हणून मिरवली जाणारी ही जागासुद्धा नुसत्या तिकिटावर चालत नाही. सार्वजनिक वाचनालय तरी कुठे वर्गणीवर चालतं? फरक एवढाच की इथे ती तूट आधी कबूल करून तिची सोय लावली.

आणि ज्या जागांना दुसरा खेळ लावताच येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. बॉबस्लेचा ट्रॅक म्हणजे डोंगरावरून वळणं घेत उतरणारी काँक्रीटची पन्हळ. तिच्यात बॅडमिंटन खेळता येत नाही. कॅलगरीचा ट्रॅक १९८६ पासून तीसहून जास्त वर्षं चालला, हे खरं तर थोर काम. पण दुरुस्तीला पुरेसे पैसे उभे राहिले नाहीत आणि २०१९ मध्ये तो थांबला. त्या डोंगराचा बाकी भाग मात्र बारा महिने जागा असतो: हिवाळ्यात शिकाऊ लोकांचं स्कीइंग, उन्हाळ्यात उतारावरच्या सायकली, चाकांच्या गाड्या, आणि जोडीला हॉकीच्या रिंका. इटलीत तुरीनच्या २००६ च्या ट्रॅकला तर दहा वर्षंही मिळाली नाहीत. सारायेव्होचा १९८४ चा ट्रॅक युद्धाने संपवला, आज त्याच्यावर रंगीत चित्रं आणि झाडी आहे, त्याला नियोजनाचा दोष देता येत नाही.

कॅलगरीपासून तासाभरावर कॅनमोर आहे, ते मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात आवडतं. कोळशाच्या खाणी १९७९ मध्ये बंद पडल्यावर गाव बसलं होतं. १९८८ च्या क्रॉस-कंट्री स्कीइंगसाठी तिथे जंगलात वाटा काढल्या. उन्हाळ्यात त्याच वाटांवर सायकली आणि चाकांची स्की. आणि एक गंमत: हिवाळ्यातल्या बर्फाचा ढीग करून त्यावर लाकडाचा भुसा पसरतात. तो ढीग पूर्ण उन्हाळा बराचसा टिकतो. ऑक्टोबरमध्ये, निसर्गाचा बर्फ पडायच्या आधी, भुसा बाजूला करून तोच बर्फ एका वाटेवर अंथरतात आणि देशोदेशीचे स्कीअर सरावाला हजर. आमच्या मिरकरवाड्यात लादी भुशात ठेवायचे. तीच अक्कल, फक्त डोंगराएवढी.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे हिवाळी खेळांची जागा नाहीच असं समजू नका. देहरादूनला २०११ च्या पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय मापाची बंदिस्त आइस रिंक बांधली. स्पर्धा झाली, आणि मग ती वर्षानुवर्षं बंद राहिली. २०२५ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली, तिथे राष्ट्रीय आणि आशियाई पातळीच्या शर्यतीही झाल्या. मला याचा फार आनंद झाला. महाराष्ट्रातली किती तरी चाकांच्या स्केटवरची पोरं बर्फाकडे वळतात आणि त्यांना सरावाला जागा नसते. पण प्लांटवाला म्हणून मनात धाकधूक आहेच. बाहेर अडतीस अंश असताना आतला बर्फ उणे पाचवर ठेवणं म्हणजे विजेचं मीटर घोड्यासारखं पळणार. त्या प्लांटची उष्णता घेणारं बाजूला काही आहे का, आणि मंगळवारी अकराला कोण येतं, यावर सगळं ठरेल.

पुण्याचं बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झालं, २००८ ला तिथे युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, मग फुटबॉल, टेनिस, कुस्ती. तिथे काहीच होत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. आपलं दुखणं वेगळं आहे. मी एकदा सुट्टीत कोकणाबाहेरच्या एका जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात भाच्याला घेऊन खेळायला गेलो. बॅडमिंटन हॉलला कुलूप. चौकशी केली तर आत मतदानाच्या पेट्या. "केव्हा उघडेल?" शिपाई अगदी आपुलकीने म्हणाला, "साहेब, हे झालं की पोलीस भरती आहे, त्यानंतर बघा." त्या माणसाची काही चूक नव्हती. इमारत होती, फरशी चांगली होती, दिवेसुद्धा चांगले होते. तिचं वेळापत्रक सांभाळणारा, तिचे पास विकणारा, कोर्ट रिकामं राहिलं तर ज्याची झोप उडेल असा एकही माणूस तिथे नेमलेला नव्हता. बांधकामाला निविदा निघते, मंगळवारच्या अकराला निघत नाही.

अहमदाबादबद्दल मी इथून काही सांगणं शहाणपणाचं नाही. मला विचारायला मिळालं तर तीनच गोष्टी विचारीन: तात्पुरती बैठक किती टक्के आहे, स्पर्धेनंतर जागा चालवणारी संस्था आज अस्तित्वात आहे का, आणि देखभालीचा पैसा कुठल्या खात्यात बाजूला ठेवलाय. उत्तरं नकाशावर दिसत नाहीत, ती बँकेत दिसतात.

राहिलं जुलैचं. या, आईबाबांना जरूर आणा. कॅनडा लाइन मेट्रोच्या ब्रिगहाउस या शेवटच्या स्टेशनवर उतरून बस घ्या किंवा वीसेक मिनिटं चाला. बाहेर मस्त ऊन असेल, तरी रिंकच्या कडेला बसायचं म्हणून दोघांना स्वेटर आणि कानटोपी घ्या, हसू नका, दहा मिनिटांत मागतील. शनिवार टाळा. आधी छत बघा, मग वरच्या मजल्यावरून एकदम तिन्ही भाग दिसतात तिथे उभे राहा. बाबांचे गुडघे बरे असतील तर ट्रॅकवर दोन फेऱ्या मारू द्या, दिवसाचा पास मिळतो. बाहेर नदीकाठी बांधावरून चालायला छान वाट आहे. जेवायला तिथून गाडीने पंधरा मिनिटांवर स्टीव्हस्टनला जा, जुनं मासेमारीचं गाव, धक्क्यावर बोटीवरूनच मासळी विकतात. बाबा मासे खात असतील तर पेटीतला बर्फ हातात घेऊन बघा. चुरा असतो, लादी नाही. मिरकरवाड्याचा जास्त टिकायचा.